विंगेतला आवाज

शिकागोजवळच्या नेपरव्हिल स्टेशनच्या पार्किंगमध्ये उल्का हीटर लावून बसली होती. तिच्या शेजारचं दार उघडलं, भुरभुर बर्फ आत आला आणि बर्फामागोमाग एक माणूस आला. आला तो सरळ बसलाच. दार ओढून घेतलं, पट्टा लावला आणि गारठलेले हात हीटरपुढे धरले.

"सॉरी हं काकू, ट्रेन लेट झाली," तो म्हणाला.

उल्काने आयुष्यात बरीच बोलणी खाल्ली होती, पण अठ्ठाविसाव्या वर्षी काकू म्हणवून घ्यायची तिची अजिबात तयारी नव्हती.

"उतरा," ती म्हणाली.

त्याने मान वळवली. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, नाकाचा शेंडा लालबुंद. डोळे एरवी हसरे असावेत, आत्ता मात्र पार घाबरले होते.

"तुम्ही... शोभा काकू नाही."

"नाही."

"पण सिल्व्हर कॅम्री... डॅशबोर्डवर गणपती..."

"एवढीच खूण घेऊन आलात? मग अर्धं मराठी मंडळ पालथं घालावं लागेल तुम्हाला!"

खोटं नव्हतं ते. दोन गाड्या पलीकडे दुसऱ्या सिल्व्हर कॅम्रीत खऱ्या शोभा काकू बसल्या होत्या आणि त्यांच्याही डॅशबोर्डवर गणपती होता. त्यांनी काच खाली करून हात हलवला. "अरे, उल्काच्या गाडीत बसलास का? बरं झालं! तिच्याबरोबरच ये, मला वाटेत दही घ्यायचंय!" असं म्हणून त्या गेल्यासुद्धा.

अशी ही ओळख. ना पत्रिका, ना कांदेपोहे.

त्याचं नाव सत्यजित. गाव नागपूर, नोकरी शिकागोच्या एका कंपनीत प्रोग्रामिंगची. मंडळाचं संक्रांतीचं नाटक शोभा काकूंनीच लिहिलं होतं, बसवतही त्याच होत्या. त्यात मुलाचं काम करणारा गडी ऐन वेळी कॅलिफोर्नियाला गेला, म्हणून काकूंनी ह्याला कुठूनसा पकडून आणला होता. उल्का मूळची सांगलीची. ती ह्याच नाटकाची प्रॉम्प्टर होती, म्हणजे पडद्याआड बसून विसरणाऱ्याला शब्द देणारी.

गाडी सुरू करायला उल्काने स्टिअरिंगवरचा कागद उचलला, तेवढ्यात त्याने तो वाचलाच. माणूस भोचक होता, ह्यात शंका नाही.

"'तुमच्या येण्याने आमच्या वर्गाच्या विविधतेत काय भर पडेल?' बाप्पा! हे काय आहे?"

"डायव्हर्सिटी स्टेटमेंट. मास्टर्सच्या अॅप्लिकेशनमध्ये लिहायचं असतं. स्पीच थेरपीसाठी."

"मग सोपं आहे ना. लिहा, मी इंडियन आहे."

"इंडियन, इंजिनिअर, आयटीवाली, चष्मा. ह्यात भर कुठली पडणार? गर्दी होईल फक्त."

तो हसला. उल्काला मात्र हसू आलं नाही, कारण तिच्यासाठी तो प्रश्न थट्टेचा नव्हता. दिवसभर ती ऑफिसात सॉफ्टवेअरच्या चुका शोधायची. दोन वर्षं तिने संध्याकाळचे क्लास करून ह्या कोर्सला लागणारे विषय पुरे केले होते. दर रविवारी ती एका क्लिनिकमध्ये मदतीला जायची. पक्षाघाताने ज्यांचे शब्द गेलेत अशी माणसं तिथे यायची. समोर कप असायचा, तो कप आहे हे कळायचं, पण 'कप' हा शब्द काही केल्या ओठांवर यायचा नाही. त्या माणसांजवळ बसलं की उल्काला वाटायचं, आपलं काम हेच. पण गेल्या वर्षी ह्याच कॉलेजने तिला नकार दिला होता. तेव्हा तिने दिवाळीवर आणि रांगोळीच्या रंगांवर लिहिलं होतं. यंदा दुसरी खेप होती, आणि शेवटचीही. व्हिसाचं सहावं, म्हणजे शेवटचं, वर्ष ऑक्टोबरात संपत होतं. प्रवेश मिळाला तर राहायचं, नाहीतर बॅगा भरायच्या. इतकं सगळं त्या पाचशे शब्दांवर अडून बसलं होतं आणि तिला विषयच सुचत नव्हता.

*

तालमी राजाराम काका आणि शोभा काकूंच्या बेसमेंटमध्ये चालायच्या. नाटकाचं नाव 'परतीचं तिकीट'. काका वडील, सत्यजित मुलगा, प्रसाद शेजारी. उल्का कोपऱ्यात, टांगलेल्या चादरीमागे, घडीच्या खुर्चीवर.

प्रॉम्प्टर म्हटलं की लोकांना वाटतं, वही धरून बसायचं आणि वाचायचं. उल्का वहीकडे फारसं बघायचीच नाही. तिचे बाबा सांगलीत हौशी नाटकं करायचे आणि शाळेत असल्यापासून ही विंगेत असायची. तिचं लक्ष असायचं नटाच्या खांद्यांवर, आणि कान त्याच्या श्वासावर. माणूस विसरायच्या आधी त्याचा श्वास अडकतो. तो अडकला की ती हलकेच पहिला शब्द सोडायची, आणि नट तो उचलून असा पुढे जायचा की जणू विसरलाच नव्हता. टाळ्या अर्थातच नटाला पडायच्या. त्याचं तिला काही वाटायचं नाही.

सत्यजितचं पाठांतर म्हणजे आनंदीआनंद होता. दर तालमीत तो अडकायचा, आणि नेमका चादरीजवळ आल्यावर अडकायचा.

"बाबा, तुम्ही..." तो म्हणायचा आणि गप्प.

"'तुम्ही कधी विचारलंत?'" चादरीमागून आवाज यायचा.

"हां! बाबा, तुम्ही कधी विचारलंत?" तो म्हणायचा, आणि चादरीकडे बघून किंचित हसायचा.

"पालथ्या घड्यावर पाणी!" शोभा काकू कपाळावर हात मारायच्या. "अरे, चार ओळी आहेत तुला!"

त्याच्या ह्या विसरण्यात काहीतरी गोम आहे, हे उल्काच्या लक्षात आलं होतं. पण ती मुकाट शब्द देत राहिली.

स्टेटमेंटच्या विषयाची गोष्ट तिने एकदा चहाच्या वेळी सहज काढली आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. चार मराठी माणसांपुढे अडचण मांडली की तिथल्या तिथे समिती नेमली जाते.

"मी चौऱ्याहत्तर साली आलो तेव्हा खिशात आठ डॉलर होते," राजाराम काका म्हणाले. "ते लिही."

"काका, पण ते तुमच्या खिशात होते."

"मग काय झालं? मी देतो तुला!"

"अरेंज्ड मॅरेजवर लिही गं," काकू म्हणाल्या. "इथल्या बायकांना फार आवडतं. आमचं लग्न बघ, ह्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते थेट अंतरपाट दूर झाल्यावर."

"तुला कधी साप चावलाय?" प्रसादने विचारलं.

"नाही."

"कुणाला तरी चावला असेल. माझ्या मामाला चावलाय. घे तो."

काकूंची मुलगी अस्मिता जिन्यात बसून फोनवर टाइप करत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "आंटी, जस्ट डोन्ट डू द मँगो थिंग. एव्हरीवन डझ द मँगो थिंग."

उल्काला कुणाचंच मन मोडवलं नाही. नाताळपर्यंत तिचं स्टेटमेंट तयार झालं. त्यात आठ डॉलर होते, अंतरपाट होता, मामाचा सापही होता. आंबा तेवढा नव्हता.

*

तालीम संपली की सत्यजितला स्टेशनवर सोडायचं काम आता तिच्याकडेच आलं होतं. काकूवरून गाडी 'तुम्ही'वर आली होती, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला "तू म्हटलं तर चालेल का?" असं त्याने काचेवरच्या बर्फाकडे बघत विचारलं होतं. "चालेल की," असं तिने रस्त्याकडे बघत सांगितलं होतं.

नाटकाच्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी ट्रेनला उशीर होता. तिने कागद त्याच्या हातात दिला. त्याने आतला दिवा लावून सगळं वाचलं.

"मस्त आहे. ह्या बाईला मी तर अॅडमिशन देईन," तो म्हणाला. "पण ही आहे कोण?"

"म्हणजे?"

"हिला मी ओळखत नाही ना यार. मी ओळखतो ती मुलगी चादरीमागे बसते, सिग्नल पिवळा दिसला की 'गणपती बाप्पा' म्हणते आणि ब्रेक मारते. ती ह्यात कुठेच नाही."

उल्काला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा, लगेच आणि पुष्कळ.

"मग तूच सांग विषय!"

"मी काहून सांगू? आधीच इतक्यांनी सांगितलंय." मग जरा थांबून, हळूच, "हत्ती टाक हवं तर..."

तिने हातमोजा फेकून मारला. तो त्याने झेलला आणि घेऊनच उतरला. ट्रेन सुटताना खिडकीत एक निळा लोकरीचा हातमोजा तिला टाटा करत होता. घरी जाताना एका हाताला गारठा आणि दुसऱ्याला ऊब, अशी ती गाडी चालवत राहिली. राग केव्हा गेला ते तिला कळलंच नाही.

पण कागद तिने त्या दिवशीच फाडला. अर्ज पाठवायची मुदत सोमवारी संपत होती, नाटक त्याआधीच्या शनिवारी होतं, आणि हातात कोरं पान.

*

इकडे संक्रांत सोयीच्या शनिवारी येते. त्या वर्षी ती जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी आली. एका हायस्कूलचं ऑडिटोरियम भाड्याने घेतलं होतं. बाहेर हळदीकुंकू, तिळगूळ, काळ्या साड्यांवर चढवलेले जाड कोट. आत विंगेत उल्का, मांडीवर वही, हातात छोटा टॉर्च. काकू तिच्या शेजारी देवाचं नाव घेत उभ्या होत्या.

पहिले दोन अंक झकास गेले. सत्यजित एकदाही अडकला नाही. उलट असा बोलला की प्रसादच आपली वाक्यं विसरला.

मग तिसरा अंक आला. नाटकातल्या वडिलांना सांगलीहून फोन येतो, धाकटा भाऊ गेल्याचा. ते फोन ठेवतात आणि मुलाला म्हणतात, "चला, जेवून घेऊ." नाटकाचा सगळा जीव त्या एका वाक्यात होता.

राजाराम काकांनी फोन ठेवला आणि ते गप्प झाले.

क्षण गेला. दोन गेले. कुणीतरी खुर्चीत खोकलं.

"दे!" काकू कुजबुजल्या. "उल्का, लाइन दे!"

उल्काने ओठ उघडले आणि मिटले. ती ऐकत होती. काकांचा श्वास अडकला नव्हता. तो लांब होता, खोल होता, जात होता आणि येत होता. खांदे खाली आले होते. हा विसरलेला माणूस नव्हता.

"अगं दे ना! ते विसरले!" काकूंनी तिचा दंड धरून हलवला. पलीकडच्या विंगेतून प्रसाद हातवारे करत होता. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शब्द उल्काच्या जिभेवर होता. एक 'चला' म्हटलं असतं की सगळे सुटले असते.

तिने टॉर्च विझवला आणि वही मिटली.

रंगमंचावर सत्यजितने एकदाच विंगेकडे पाहिलं. मिटलेली वही त्याला दिसली, आणि तोही जागचा हलला नाही.

तीनशे माणसं त्या शांततेत बसून होती. प्रत्येकाला आपापल्या घरी कधी ना कधी वाजलेला फोन आठवत होता. आणि मग, कुणीही न सांगता, काका अगदी साध्या आवाजात म्हणाले, "चला... जेवून घेऊ."

आधी हुंदके ऐकू आले आणि मग टाळ्या. टाळ्या थांबेनातच.

पडदा पडल्यावर काकू नवऱ्यावर धावून गेल्या. "अहो, विसरला होतात का?"

"नाही गं," काका डोळे पुसत म्हणाले. "माझा भाऊ आठवला, अण्णा. त्याच्याही वेळी मी इथेच होतो." मग ते उल्काकडे वळले. "पोरी, तू जर तेव्हा शब्द दिला असतास ना, तर माझ्या हातून ते गेलं असतं सगळं."

उल्का तिथेच खुर्चीवर बसली. तिच्या मनात लख्ख उजाडलं होतं. कुणाला शब्द द्यायचा आणि कुणासाठी थांबायचं, हे आपल्याला येतं. रविवारच्या त्या माणसांनाही हेच तर हवं असतं. इतकी वर्षं ती ज्या अंधारात बसली होती, तिथेच तिचा विषय तिच्या मांडीवर पडून होता. ती हसायला लागली आणि डोळ्यांतून पाणीही यायला लागलं.

*

स्टेशनकडे जाताना तिने सत्यजितला सगळं सांगितलं. श्वासाचं, खांद्यांचं, सगळं. तो ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलत गेला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

"म्हणजे... खरं विसरला की श्वास अडकतो."

"हो."

"आणि... नसेल अडकला तर?"

"तर तो विसरलेला नसतो."

वायपर इकडून तिकडे.

"माझं..." त्याने घसा साफ केला. "माझं तुला कधीपासून...?"

"तिसऱ्या तालमीपासून."

"आणि तरी तू लाइन देत राहिलीस?"

उल्काचे कान तापले. "नाव सत्यजित आणि काम हे!" ती म्हणाली. "उतर, ट्रेन आली."

तो उतरला. दार लावता लावता पुन्हा वाकला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि भोंगा वाजला. तो धावत सुटला.

रविवारी तिने एका बैठकीत पाचशे शब्द लिहिले. आठ डॉलर नाहीत, साप नाही, सणही नाही. पहिलंच वाक्य होतं, 'मी नाटकात काम करते, पण मला कुणी पाहिलेलं नाही.' सोमवारी अर्ज गेला. वाचून दाखवायला सत्यजित मात्र नव्हता. त्याच्या कंपनीने त्याला त्याच सकाळी दूर दक्षिणेत, अल्फारेटाच्या प्रोजेक्टवर धाडलं होतं, दोन दिवसांचीही सवड न देता.

मग राहिला फोन. रात्री नऊनंतर मोबाइलची मिनिटं फुकट असायची, तेव्हा त्याचा फोन यायचा. तो तिकडच्या उन्हाबद्दल बोलायचा, ही इकडच्या बर्फाबद्दल. शेवटी दोघंही गप्प व्हायचे. तिला त्याचा श्वास ऐकू यायचा. अडकायचा.

"काही सांगायचंय?" ती विचारायची.

"नाही... काही नाही. हातमोजा माझ्याकडेच आहे, एवढंच."

"अल्फारेटात हातमोजा कशाला लागतो?"

"लागतो," तो म्हणायचा.

*

एप्रिलमध्ये पाकीट आलं. जाड. ज्यांनी कधी अमेरिकेतल्या कॉलेजांच्या पत्रांची वाट पाहिली आहे, त्यांना जाड पाकीट म्हणजे काय ते सांगायला नको. उल्काने ते मेलबॉक्सपाशीच फाडलं. छापील अभिनंदनाखाली कुणा प्राध्यापिकेने पेनाने एक ओळ लिहिली होती. बोलता येणारे पुष्कळ अर्ज करतात, थांबता येणारं कुणीतरी आम्हाला हवंच होतं, अशा अर्थाची. उल्का भर रस्त्यात ओरडली. शेजारच्या आजोबांनी कुत्र्यासकट वळून पाहिलं.

पहिला फोन सांगलीला बाबांना. दुसरा अल्फारेटाला, आणि नऊ वाजायची वाट न बघता.

"मिळाली!" ती म्हणाली.

पलीकडे इतका जोरात आरडाओरडा झाला की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग तो म्हणाला, "शुक्रवारी विमानाने येतोय, संध्याकाळच्या ट्रेनला स्टेशनवर ये. नक्की ये."

शुक्रवारी ती पाऊण तास आधीच जाऊन बसली. बर्फ कधीच वितळला होता, प्लॅटफॉर्मच्या कडेला पिवळे ट्यूलिप आले होते, तरी हवेत गारठा होता. ट्रेन आली. खांद्याला बॅग लावलेला सत्यजित उतरला, तरातरा चालत आला, एका सिल्व्हर कॅम्रीचं दार उघडून आत बसला आणि हात जोडत तसाच बाहेर आला. आतले तेलुगू काका खो खो हसत होते. मग तो उल्काच्या गाडीपाशी आला, आधी वाकून आत नीट बघितलं आणि मगच बसला. निळा हातमोजा त्याने गणपतीपुढे ठेवला.

"काँग्रॅट्स," तो म्हणाला.

"थँक यू."

"उल्का, मी ट्रान्स्फर मागून घेतली. परत शिकागो. आणि... मला तुला..."

तो थांबला. खांदे वर गेले. श्वास अडकला. ह्या वेळी खरोखर अडकला. सगळ्या तालमींत मिळून जितका अडकला नव्हता, तितका आत्ता एकदम अडकला.

उल्काने हीटरही बंद केला, म्हणजे तेवढाही आवाज नको.

"लाइन दे ना," तो कळवळून म्हणाला. "प्लीज!"

"नाही."

"तुला माहितीये पुढचं."

"माहितीये. पण हे वाक्य तुझं आहे," ती म्हणाली, आणि थांबली. इतकं थांबणं तिलाही कधी जड गेलं नव्हतं. शब्द जिभेच्या टोकावर होता, पण तिने तो हलू दिला नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली.

ट्रेन सुटून गेली. पार्किंग निम्मं रिकामं झालं.

"मला तू आवडतेस," सत्यजित म्हणाला. "चादरीमागून बोलायचीस तेव्हापासून. मला सगळं पाठ होतं, पहिल्या दिवसापासून. पण मी बोलत गेलो असतो तर तुझा आवाज आला नसता. आणि आता मला तो रोज पाहिजे. घरी. माझ्याशी लग्न करशील?"

एका दमात म्हणाला. कुठेही न अडकता.

आता बोलायची पाळी उल्काची होती. तिने तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. जगाला शब्द देणाऱ्या बाईचे शब्द गेले कुठे, कोण जाणे. डोळे भरून आले होते आणि समोरचा गणपती धूसर दिसत होता.

सत्यजितने तिचा हात हातात घेतला आणि अगदी हळू, विंगेतून द्यावा तशा आवाजात विचारलं, "प्रॉम्प्ट देऊ?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"नको," उल्का म्हणाली. "माझं उत्तर पाठ आहे... तिसऱ्या तालमीपासून. हो."